विटाळाचं इंग्रजी

"माय मदर वॉज डर्टी फॉर थ्री डेज, सो आय कुक्ड."

आठवीतल्या एका पोरीनं 'दिवाळीच्या सुट्टीत मी काय केलं' या निबंधात हे वाक्य लिहिलं होतं. व्याकरणाच्या दृष्टीनं बोट ठेवायला जागा नाही. काळ बरोबर, स्वल्पविराम जागच्या जागी, अक्षर टपोरं. लाल पेन त्या वाक्यावर धरून मी स्टाफरूममध्ये नुसती बसून राहिले. शेजारच्या विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही, एक पोरगी लई चांगलं इंग्रजी शिकलीय." पूर्ण मार्क दिले. काय चुकलं होतं तिचं? दिवाळीत आई बाहेर बसली, पोरीनं चूल सांभाळली. बाहेर बसण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मग तिला घरात जे दिसलं तेच तिनं लिहिलं.

त्या दिवसापासून डोकं तापलेलं होतं, त्यात उन्हाळा लागला. आमच्याकडं, तेलगावच्या आसपासच्या गावांत, ऊन कडक झालं की घरोघरी वाळवणं सुरू होतात. कापूस वेचून झालेला असतो, ऊस कारखान्याला गेलेला असतो, बायांना जरा उसंत मिळते. म्हणजे मिळाली असं गड्यांना वाटतं. गहू भिजत पडतात. दोन-तीन दिवसांनी त्यांना आंबूस वास सुटतो आणि तो गल्लीभर फिरतो. मग ते वाटायचे, पिळायचे, गाळायचे, तळाशी बसलेला पांढरा चीक पातेल्यात घेऊन चुलीवर हाटायचा. हाटताना दंड भरून येतात. शिजला की गरम गरम सोऱ्यात भरायचा आणि गच्चीवर अंथरलेल्या धुतलेल्या लुगड्यावर कुरडया घालायच्या. चीक गार झाला की कामातून गेला, मग कितीही दाबा, सोऱ्यातून उतरत नाही. लहानपणी सिरसाळ्याला आई मला वाटीत गरम चीक द्यायची, वर साखर आणि तेलाची धार. फुंकर मारायचा धीर नसायचा, जीभ पोळायची, तरी दुसरी वाटी मागायची. उन्हाळा म्हटलं की मला तोच चीक आठवायचा. सासरी आल्यावर उन्हाळा म्हटलं की दुसरंच आठवायला लागलं.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांच्या घरात देवाला नसेल एवढं सोवळं कुरडयांना. विटाळशी बाईचा हात राहू द्या, नुसती सावली पडली तरी कुरडई लाल पडते, असं त्या मानतात. त्या एकट्याच कशाला, अख्खी भावकी मानते. कुरडयांच्या दिवशी भल्या सकाळी आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसतात आणि वर जाणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतात, "बरी हायेस ना गं?" ही काही तब्येतीची चौकशी नव्हे. जी बरी असेल ती वर जाते. जी नसेल ती मान खाली घालून माघारी फिरते आणि ती गल्लीनं जाताना तिचं काय चाललंय ते सगळ्यांना कळतं, दिराला कळतं, समोरच्या किराणावाल्यालाही कळतं. त्यात मात्र कुणाला घाण वाटत नाही.

इंग्रजी शिकवून शिकवून मला एक खोड लागलीय. कुठला शब्द कुठं बसतो ते बघत राहायची. आपल्या मराठीत अस्वच्छपणाची काय श्रीमंती आहे म्हणून सांगू! जेवलेलं ताट खरकटं, दुसऱ्यानं तोंड लावलेलं ते उष्टं, आंघोळ न केलेला पारोसा, तसाच देवाजवळ गेला तर ओवळा, कापड मळकं, माणूस गचाळ, बोलणं ओंगळ, आणि बाई विटाळशी. यातला एकेक शब्द इंग्रजीत न्यायला जावं तर हात टेकावे लागतात. खरकट्याला त्यांच्याकडं शब्दच नाही. उलट त्यांचा डर्टी म्हणजे निवडणुकीतली जीप, कुणीही चढावं. चिखलाचे पाय डर्टी, चावट विनोद डर्टी, लबाडीचा पैसा डर्टी, राजकारण डर्टी. कुणाकडं रागानं बघितलं तर ती नजर डर्टी, आणि वादळवारं सुटलं तर हवासुद्धा डर्टी. फाउल म्हणजे कबड्डीत केलेला आणि फाउल म्हणजे नासक्या अंड्याचा वास. फिल्दी म्हणजे किळस यावी इतकं घाण, पण श्रीमंताला तो शब्द लावताना त्यांचा सूर जरा मत्सराचाच असतो. मळक्या नोटेला बँकवाले सॉइल्ड म्हणतात आणि मुकाट्यानं बदलून देतात. नोट मळली म्हणून तिची किंमत जात नाही, एवढं बँकेला कळतं.

अनक्लीन हा शब्द मात्र धुळीमातीचा नाही. फार जुन्या काळी त्यांच्या धर्मात असा नियम होता म्हणे, की कोड फुटलेल्या माणसानं वस्तीबाहेर राहावं आणि कुणी जवळ येताना दिसलं तर त्यानं स्वतःच तो शब्द ओरडून सांगावा. मला शिवू नका, हे आपल्याच तोंडानं. हे मी वाचलं तेव्हा आमच्या अंगणाच्या कडेच्या सपरात, म्हणजे म्हशीच्या छपराखाली, सरकीच्या पेंडीच्या पोत्याला टेकून बसले होते. मला शिवू नका हे सकाळीच मीही घरभर सांगून आले होते.

लग्न झालेलं पहिलं साल. बी.ए., बी.एड. झालेली सून म्हणून मला भावकीत मिरवून झालं होतं. नोकरी अजून लागायची होती. कुरडयांच्या आदल्या दिवशी मला कावळा शिवला. आत्यांनी सपराकडं बोट केलं. एका बाजूला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग, एका बाजूला म्हैस, मधे माझी वाकळ. पाणी वरून ओंजळीत. हे सगळं मला नवीन नव्हतं, माहेरीही आजीच्या काळात थोडंफार होतंच. पण आईनं आमच्या घरातून ते कधी मोडून काढलं ते कुणाला कळलंसुद्धा नव्हतं. ती फक्त विचारायची बंद झाली होती.

त्या दुपारी आई आली. लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीच्या घरी येत होती. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा मोठा डबा, त्यात तिनं केलेल्या कुरडया. एकही मोडू नये म्हणून सिरसाळ्यापासून एसटीत मांडीवर धरून आणलेला. अंगणात पाय ठेवला तशी तिला मी सपरात दिसले आणि ती सरळ माझ्याकडं आली. "आई, थांब," म्हणेपर्यंत तिनं मला पोटाशी धरलेलं होतं. तिच्या अंगाला एसटीचा, घामाचा, आणि आमच्या सिरसाळ्याच्या घराचा वास होता. मी लहान पोरीसारखी रडले.

उंबऱ्यात आत्या उभ्या होत्या. "शिवलात तुमी तिला? आता तुमी बी बाहेरच्याच झाल्या."

आईला वाटलं विहीणबाई थट्टा करतायत. हसत म्हणाली, "अवो, लेक हाय माझी."

"लेक तुमची आसंल. घर आमचं हाय. हौदावर आंगूळ करा, मग उंबरा चढा."

हौद अंगणात, रस्त्याला लागून. आईनं दुसरं लुगडं आणलेलं नव्हतं, ती संध्याकाळच्या गाडीनं परतणार होती. ती माझ्याजवळ पोत्यावर बसली. तिला जेवायला पत्रावळ आली, तीही लांबून सरकवलेली. चार माणसांना मानानं वाढणारी माझी आई म्हशीच्या शेजारी बसून विहिणीच्या घरचं पहिलं जेवण जेवली. जेवली तरी कसली, चार घास पोटात ढकलले. मग आत्यांचं लक्ष डब्याकडं गेलं.

"त्यात काय हाय?"

"कुरडया हायेत. पोरीला आवडत्यात."

"तिला शिवलेल्या हातानं धरलाय न्हवं डबा? आता आमी कसं घ्यावं त्ये? तुमच्याच हातानं टाका म्हशीला."

आईनं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा वाचा फुटायला हवी होती, पण तेव्हा मी नवी होते आणि घरातली माणसं बघत होती. आई उठली. फडक्याची गाठ सोडली आणि तिनं आपल्या हातानं डबा गव्हाणीत रिकामा केला. म्हैस कुडुम कुडुम खायला लागली. तो आवाज ऐकून आत्यांना हसू आलं. "बघा, तिला बी आवडल्या," त्या म्हणाल्या.

जाताना आईनं मला हात लावला नाही. अंगणाच्या टोकाशी उभी राहून म्हणाली, "येते गं." रिकामा डबा काखेत धरून ती स्टँडकडं गेली. त्या घरात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. मीच सिरसाळ्याला जायची. कधी विचारलं तर म्हणायची, "मोठ्या लोकांचं घर हाय बाई, आपला वास कशाला द्यायचा." तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्यांना तिनं एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं नाही दिल्या म्हणून त्या सगळ्या माझ्याकडंच साचल्या.

मी ठरवलं, हिला खाऊ घालीन. ह्या बाईला ज्याची शिसारी आहे तेच हिला वर्षभर, ताटात वाढून, तळून, कुरकुरीत करून खाऊ घालीन. आत्यांचा उल्लेख मी चारचौघांत नेहमी आदरानंच करते, पण ते ठरवताना मनात 'ही' म्हणाले होते आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

पण नुसतं लपवून चालणार नव्हतं. एक महिना मी बाहेर बसलेच नाही, तर आत्यांनी लगेच हिशोब मांडला. "काय गं, गोड बातमी हाय का?" सगळ्या भावकीत कुजबुज. मग मी युक्ती बदलली. दिवसांची अदलाबदल केली. अडचण असेल तेव्हा न्हाऊन-धुऊन देवापुढं दिवा लावायचा, पोळ्या लाटायच्या, दळण करायचं. आणि ती संपून आठ-दहा दिवस झाले, अंगात घोड्याची ताकद आली, की तोंड वाकडं करून सांगायचं, "आत्या, मी बाहेर बसले." मग सपरात वाकळ टाकून ऐसपैस पडायचं. जेवण आयतं. बी.ए.ला असताना बीडच्या स्टँडजवळ जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घेतलेली, पुठ्ठा गेलेली एक डिक्शनरी होती, ती उशाला. घाणीचे सगळे इंग्रजी शब्द मी त्या सपरात शोधले. लोक पारायणं करतात, मी हे केलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुरडयांचा दिवस नेमका माझ्या खऱ्या दिवसांत आला. मी त्याचीच वाट बघत होते. आत्या पायरीवर. "बरी हायेस ना गं?"

"एकदम बरी, आत्या."

वर गेले. चीक मी हाटला, सोऱ्या मी दाबला, लुगड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत कुरडया मी घातल्या. कंबर तुटत होती, पोटात कळ यायची, घामानं डोळे चुरचुरत होते. नेकनूरची माझी धाकटी जाऊ मंगल म्हणाली, "ताई, बसा की जरा." मी बसले नाही. प्रत्येक कुरडई घालताना मनात आईला म्हणत होते, ही बघ, आई, ही घे, ही आणखी एक. सूड घ्यायला कंबर घट्ट लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि काय सांगू, त्या साली कुरडया अशा पांढऱ्याशुभ्र निघाल्या की आत्या प्रत्येकीला हातात घेऊन दाखवत होत्या. "सुनंच्या हाताला गुण हाय," म्हणाल्या. भावकीत वाटल्या, पाहुण्यांना बांधून दिल्या. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या तेव्हा नैवेद्याच्या ताटात त्याच कुरडया. आत्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिला घास कुरडईचाच घेतला. मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबून हसले. पाप लागलं असेल तर लागू दे. एवढं गोड पाप मी दुसरं केलेलं नाही.

त्यानंतर दर साली काही ना काही तरी साधत गेलं. कुरडया नाही तर पापड, पापड नाही तर लोणचं. लोणच्याला म्हणे सावलीनं बुरशी येते. माझ्या हातचं लोणचं पुढच्या लोणच्यापर्यंत टिकायचं. माझ्या नवऱ्याला हे कधीच कळलं होतं. म्हणाले, "मला काय सांगू नको, मला आईसमोर खोटं बोलता येत नाही." मी म्हटलं, "मग गप खा." गप खाल्लं.

सपरात पडल्या पडल्या एक मात्र कळलं. साहेबांच्या भाषेला मी उगीच चांगली समजत होते. त्यांच्याकडं एक शब्द आहे, स्लट. पूर्वी त्याचा अर्थ गबाळी बाई, भांडी नीट न घासणारी, केर तसाच ठेवणारी, एवढाच होता. मग हळूहळू तो शब्द घसरत घसरत पार तिच्या चारित्र्यावर गेला. पुरुष गबाळा असेल तर तो शेवटपर्यंत गबाळाच राहतो. बाईची चूल अस्वच्छ म्हणता म्हणता तिचं अंथरूण अस्वच्छ ठरतं. पाळीला तिथल्या जुन्या बाया 'शाप' म्हणायच्या. आणि सॅनिटरी हा शब्द तर काय सांगावा, तोच पॅडला, तोच संडासाच्या भांड्याला, आणि तोच नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरला. हे वाचलं तेव्हा मी डिक्शनरी पेंडीच्या पोत्यावर आपटली होती. आत्या काही एकट्या नाहीत, त्यांच्या पाठीशी इंग्लंड उभं आहे.

अनू, माझी लेक, यंदा आठवीत. गेल्या वर्षी तिला पाळी सुरू झाली, तेव्हा मी तिला पॅड दिलं, तारीख लक्षात ठेवायला शिकवली, आणि त्याच बैठकीत माझी युक्तीही शिकवली. आजीला खरे दिवस सांगायचे नाहीत, खोटे सांगायचे. मला वाटलं पोरगी हसेल, मला शाबासकी देईल. ती विचारात पडली. म्हणाली, "पण मम्मी, मी केलंय काय? काही केलं नसताना मी खोटं कावून बोलू?" दुसऱ्या पोरींना शुद्धलेखन शिकवणारी मी, तिला म्हटलं, "मोठी झालीस की कळंल." ती म्हणाली, "तू मोठी झालीस, तुला कळलं का?" आगाऊ कार्टी. तेव्हापासून ती आजीला खरंही सांगत नव्हती आणि खोटंही. विचारलं की अभ्यासाचं नाव काढून पळायची.

आणि परवा कुरडया घातल्या.

शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. आत्यांचे गुडघे आता धरलेत, तरी त्या पायरीवर बसल्याच होत्या, सगळ्या वर गेल्यावर मंगलनं त्यांना धरून वर आणलं आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवलं. अनू सोऱ्या दाबत होती, मी चीक भरून देत होते. अर्धं लुगडं भरलं असेल. अनू खाली गेली आणि थोड्या वेळानं वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहून, हाक मारावी तितक्या सहज म्हणाली, "मम्मी, माझे पिरियड सुरू झालेत. पॅड सापडंना, कुठं ठेवलेत? तोवर सोऱ्या तू धर."

सगळ्यांचे हात थांबले.

आत्यांना 'पिरियड' कळतं. शाळेतल्या पोरींमुळं आता सगळ्यांनाच कळतं. त्या म्हणाल्या, "कुणीबी हात लावू नका. मंगल, चीक खाली न्ये. घातलेल्या कुरडयाबी उचल. म्हशीला घाला समद्या. आन् ह्या पोरीला सपरात बशीव."

मंगल उठली. तिचा दोष नाही, ती सांगितलेलं करते. तिनं लुगड्याचं टोक धरलं. अनूनं माझ्याकडं बघितलं. असंच एकदा आईनं माझ्याकडं बघितलं होतं आणि तेव्हा मी गप्प बसले होते.

"मंगल," मी म्हटलं, "हात काढ तिथून."

वर्गात मागच्या बाकावर गोंगाट झाला की माझा जो आवाज निघतो तो निघाला. मंगलनं लुगडं सोडलं.

"आत्या, टाकायचंच आसंल तर आजचंच कावून? समदंच टाका. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली तुमी भावकीला वाटल्या त्या कुरडया लोकांच्या पोटातनं काढा. सुनंच्या हाताला गुण हाय म्हणलात ना, त्या दिवशी मी बाहेरची होते."

"काय बोलाय लागलीस? ऊन लागलं का तुला?"

"तुमी दर साली जी लोणची, जे पापड खाल्ले, त्यातलं लई काही मी बाहेरची आसताना केलंय. ज्या दिवशी मी सपरात बसायची त्या दिवशी मला काहीच नसायचं. बसून इंग्रजी वाचायची. आन् खऱ्या दिवशी तुमच्या देवाला दिवा लावायची."

शेजारच्या शांताकाकू तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "बया, बया, बया!" आणि मग त्यांच्या काही तरी लक्षात आलं. "अगं, माझ्या पोरीच्या रुखवतात तुझ्याच हातच्या कुरडया मांडल्या व्हत्या की!"

"कशी हाय लेक तुमची?"

"बरी हाय की. दोन पोरं हायेत," काकू म्हणाल्या, आणि स्वतःच्याच उत्तरावर खुदकन हसल्या. मग दुसरी हसली. बायांचं हसू एकदा सुटलं की आवरत नाही.

आत्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता आणि मी तो डोळे भरून बघत होते. इतकी वर्षं मी दाराआडून बघितलं होतं, आता समोरून बघत होते. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आन् म्हालक्ष्म्या?"

"म्हालक्ष्म्याबी."

"मग देवीनं काय केलं?"

"अनू दिली," मी म्हटलं.

पातेल्यातल्या चिकावर साय धरायला लागली होती. सगळ्या बाया आत्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. चीक म्हशीला घालावा, तर इतक्या वर्षांचा नैवेद्य, रुखवतं, पाहुण्यांच्या पंगती, सगळंच बाटलं असं आपल्याच तोंडानं भावकीपुढं कबूल करावं लागणार होतं. न घालावा तर पोरगी गच्चीवर राहणार होती. आत्या बावळट नाहीत. त्यांनी लुगड्यावरच्या पांढऱ्या कुरडयांकडं बघितलं, मग अनूकडं, आणि कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "चीक गार व्हायलाय. बघत काय बसल्याव? घाला."

"पॅड कपाटात, वरच्या खणात," मी अनूला म्हटलं. ती खाली जाऊन आली आणि सोऱ्याला बसली.

इथं मला पोटभर जेवल्यासारखं वाटायला हवं होतं. जिंकले होते मी. अनूला कुणी सपरात बसवणार नाही, आता नाही आणि पुढंही नाही. ती चोरून नाही, सगळ्यांसमोर कुरडया घालत होती. मला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिनं एका वाक्यात केलं होतं, तेही पॅड शोधता शोधता. तरी माझं समाधान होईना. मला अजून एक गोष्ट हवी होती. बाया पांगल्यावर मी आत्यांजवळ जाऊन बसले.

"आत्या, माझी आई आलती, तिला तुमी म्हशीपाशी बसवून जेवू घातलं. तिच्या हातानं तिच्या कुरडया म्हशीला टाकायला लावल्या. ते कावून केलं?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझी आई? कवा आलती बाई ती आपल्याकडं?"

मला वाटलं, बनाव करतायत. मी खोटं ओळखते. पोरी रोज बोलतात माझ्याशी, आणि मी स्वतः त्यातली जुनी जाणती आहे. मी त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं. तिथं लाज नव्हती, चुकवाचुकवी नव्हती. त्या खरंच आठवायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांना आठवत नव्हतं. डबा नाही, हौद नाही, माझी आई नाही. ज्या दुपारच्या जोरावर मी माझा सगळा संसार रेटला, ती दुपार त्यांच्या लेखी इतर कुठल्याही दुपारसारखी होती. त्यांनी एक पत्रावळ सरकवली आणि विसरून गेल्या.

ज्या माणसाला आपला अपराध माहीतच नाही त्याच्यावर सूड उगवून काय उपयोग? मी एवढी वर्षं कुणाला खाऊ घालत होते?

पण मी शिक्षिका आहे. पोरगी धडा विसरली म्हणून मी धडा सोडून देत नाही.

आता रोज सकाळी मी आत्यांना चहा नेऊन देते, साखर त्यांना लागते तेवढी, कपाला धक्का लागू देत नाही. शेजारी पाट घेऊन बसते आणि पहिल्यापासून सांगते. लग्नाचं पहिलं साल, दुपारची वेळ, सिरसाळ्याहून एसटी आली. मांडीवरचा डबा सांगते, पोटाशी धरलेलं सांगते, पत्रावळ सांगते, म्हैस सांगते. त्या म्हणाल्या होत्या ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवते. चहा निवतो, पण त्या ऐकून घेतात, कारण उठायचं तर गुडघे धरलेत.

"आठवलं का, आत्या?"

"न्हाई बाई. रोज रोज त्येच काय लावलंस?"

"बरं. उद्या सांगते परत."